गुंड्याची दाढ

सासरेबुवांची डावीकडची दाढ आठवडाभर ठणकत होती, पण त्यांनी घरात ब्र काढला नव्हता. नोकरीत एकाही साहेबाला भीक न घातलेल्या या माणसाची दातांच्या डॉक्टरचं नाव काढलं तरी गाळण उडायची. गालात लवंग धरून ते पेपर वाचत बसत. जेवताना टोस्ट, गाजर, काकडी असं सगळं चावायचं सामान हळूच टेबलाखाली गुंड्याच्या तोंडात जाई. गुंड्या म्हणजे घरातला कुत्रा. असली गुपितं पोटात ठेवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

पोट असं परस्पर भरू लागल्यावर गुंड्याने स्वतःच्या वाडग्याकडे पाठ फिरवली. सुनेच्या नजरेतून ते सुटलं नाही. गुंड्याची दाढ दुखत असणार, असं तिने जाहीर केलं. सासरेबुवांनी घाईघाईने दुजोरा दिला. तेवढीच आपल्यावरची बला टळली. दुसऱ्या दिवशी ती दोघांनाही घेऊन प्राण्यांच्या दवाखान्यात हजर झाली.

बाकावर बसल्या बसल्या तिने सहज सांगितलं, की गुंड्याला भूल देऊन दाढ उपटणार आहेत, आणि तेवढ्यावर नाही भागलं तर शेजारचीही. गुंड्याला कशाचाच पत्ता नव्हता. त्याने सासरेबुवांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवली आणि टोस्टची वाट पाहत तो शेपूट हलवू लागला. आपल्या भित्रेपणापायी या मुक्या जिवाची धडधाकट दाढ जाणार, या विचाराने त्यांना अगदी भरून आलं.

"अगं, त्याला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "दाढ माझी दुखतेय. माझं खाणं मीच त्याला चारत होतो."

"मग आधी का नाही बोललात, बाबा?"

"भीती वाटते गं."

तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि भलंमोठं नेलकटर घेऊन डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "आणा त्याला," त्या म्हणाल्या. "नखंच कापायची आहेत ना फक्त?"

सासरेबुवांनी सुनेकडे पाहिलं. ती शांतपणे गुंड्याचा पट्टा हातात घेत होती.

"लवंगांची डबी काही गुंड्याने रिकामी केली नाही, बाबा," ती म्हणाली. "तुमची वेळ घेऊन ठेवलीय. इथून दोन दारं सोडून."

सासरेबुवांनी हलक्या आवाजात विचारलं, "गुंड्याला आत येऊ देतील?"

"ते आधीच विचारून ठेवलंय."