माझ्या मुठीची सुरी

एक सुरी घ्यायची, एवढंच मी ठरवलं होतं. माणसाने घर बांधायला निघावं आणि फसावं, धंदा काढावा आणि फसावं; त्यात निदान थोडी इभ्रत राहते. मी सुरी घ्यायला गेलो आणि फसलो.

शिकायला मी फार लांब गेलो होतो. तिथेच बरी नोकरी लागली होती. पण लोकांनी मोडलेल्या वस्तू फेकू नयेत, दुरुस्त करायला शिकावं, या एका विचाराने मला असं झपाटलं की नोकरी सोडून बायकोसकट परत आलो आणि इथे दुरुस्तीशाळा काढली. (तिथे तोवर दुरुस्त झालेली एकमेव वस्तू म्हणजे शाळेचं कुलूप. तेही मीच बिघडवलं होतं.) भाड्याच्या खोल्या मिळेपर्यंत आम्ही सासुरवाडीला उतरलो होतो. मुलीला परदेशात थाटात ठेवीन असं सांगून नेणारा जावई आता सासऱ्यांच्याच बाथरूमबाहेर टॉवेल खांद्यावर टाकून उभा असायचा.

सासरे रस्तेबांधणी खात्यातून निवृत्त झालेले. ते माझ्याशी बोलत नसत असं नाही, पण बोलत ते माझ्या बायकोमार्फत. मी टेबलावर त्यांच्या अगदी समोर बसलेला असताना ते तिला म्हणत, "याला विचार, मीठ हवंय का."

दरवर्षी थंडी पडली की सासरे आणि त्यांचे दोन मित्र रीतसर परवाना काढून तळ्याकाठच्या जंगलात तंबू ठोकायला आणि शिकारीला जात. एक मित्र औषधांच्या दुकानाचा मालक. दुसऱ्याला सगळे कप्तान म्हणत. (तो कुठल्याच सैन्यात नव्हता. नुसती मिशी होती.) या तिघांनी इतक्या वर्षांत मारलेलं सर्वांत मोठं जनावर म्हणजे डास. पण जाण्याचा थाट असा, की जणू वाघ स्टेशनवर घ्यायला येणार आहे. त्यांच्या पिशव्या सासूबाई भरत आणि परत आल्यावर चिखलाचे कपडेही त्याच धूत.

यंदा एके दिवशी जेवताना सासरे बायकोला म्हणाले, "याला विचार, येतो का आमच्याबरोबर."

माझ्या हातातला चमचा खाली पडला. "येतो!" मी ओरडलो.

"स्वतःचं सामान आणायचं म्हणावं. तंबू आमचा. पण सुरी ज्याची त्याने आणायची."

ही परीक्षा आहे, हे मी ओळखलं. ही पास झालो तर बाबा माझ्याशी थेट बोलतील. आणि आम्ही परत आलो ते चुकलं नाही, असं निदान एकदा त्यांच्या डोळ्यांत दिसेल. बायको म्हणाली, "घरात इतक्या सुऱ्या पडल्यात, त्यातली एक ने की."

"कारखान्यातल्या?" मी उभाच राहिलो. "जिला कुणाच्या हाताचा स्पर्श नाही, अशी वस्तू घेऊन मी जंगलात जाऊ? अगं, हाताने घडवलेल्या वस्तूत माणूस असतो!"

"बस खाली. सूपमध्ये बाही बुडतेय."

गावात हाताने सुऱ्या घडवणारा एकच होता. मूळचा दंतवैद्य. दवाखाना बंद करून त्याने तिथेच भट्टी लावली होती, आणि गिऱ्हाइकाला अजूनही त्याच खुर्चीत आडवं करत असे. मी आडवा झालो. वरचा दिवा लागला. माझं तोंड आपोआप उघडलं.

"मिटा," तो म्हणाला. "काय कापायचंय?"

"सगळंच."

"सगळं कापायला करवत घ्या. पातं केवढं हवं?"

मी कोपरापासून बोटांपर्यंत दाखवलं.

"कसली शिकार?"

"ससे वगैरे."

"मग सशाला मारायचंय की नुसतं घाबरवायचंय?"

शेवटी त्यानेच ठरवलं. पातं पंजाएवढं, पाठीला जाड, टोक जरासं खाली उतरलेलं. पोलाद पात्यापासून मुठीच्या टोकापर्यंत सलग. मी मिटणाऱ्या चाकूचं नाव काढताच तो दुखावला. "मिटणाऱ्याला सांधा आला. आणि सांधा ऐन वेळी दगा देतो. माझे गुडघे बघा!" (त्याने खरंच पँट वर करून दाखवले.)

मूठ अक्रोडाच्या लाकडाची, आणि ती माझ्याच हाताच्या मापाची करायची होती. दातांचं माप घ्यायला वापरतात तसला एक मऊ गुलाबी गोळा त्याने माझ्या हातात दिला. "इथे नका दाबू. या खुर्चीत भल्याभल्यांच्या मुठी आवळतात. घरी जा, मोकळ्या मनाने धरा, काम करताना धरतो तसा. मग हवेशीर ठेवा, सकाळपर्यंत कडक होईल. आणि लक्षात ठेवा, मी केलेली मूठ एकाच हाताला बसते. दुसऱ्याला ती चावते."

इथे सासूबाईंच्या हाताबद्दल सांगायला हवं. पूर्वी मासा साफ करायला घेतला की आपण चष्मा पुसेपर्यंत त्यांचा झालेला असायचा. मग त्या पायरीवरून पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण बोटं पुरती मिटेनात. नेहमीची सुरी हातातून निसटायची. व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताईंनी दाबायला एक मऊ गोळा दिला होता. भाजी चिरायचं काम सासऱ्यांकडे आलं होतं आणि ते गाजरंसुद्धा रस्त्याचा उतार काढल्यासारखी कापत. सासूबाई स्टुलावर बसून बघायच्या. "राहू दे हो," एकदा त्या हसत म्हणाल्या, "माझा हात आता शोभेपुरता." आणि लगेच खिडकीकडे तोंड फिरवलं.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गोळा मुठीत धरून निरनिराळ्या पवित्र्यांत उभा राहत होतो.

"हे काय चाललंय?" बायकोने विचारलं.

"ससा सोलतोय."

"ससा कुठाय?"

"मनात."

"मनातल्या मनात जेवूनही घे मग."

गोळा मी खिडकीत ठेवला. सकाळी पाहिलं तर मुठीचा ठसा आदल्या दिवसापेक्षा कितीतरी ठसठशीत! मला वाटलं, सुकल्यावर माणसाचा खरा स्वभाव वर येत असावा. दंतवैद्याने तो दिव्याखाली फिरवून पाहिला आणि त्याचा चेहराच बदलला.

"वा! हा हात कामाचा आहे. बोटं थोडी आखडलीत, पण धरायचं म्हटल्यावर कसं धरलंय बघा. घाबरणं नाही, धांदल नाही. खरं सांगतो, तुमच्याकडे पाहून असं वाटलं नव्हतं."

हे वाक्य मी घरी येऊन बायकोला ऐकवलं. (शेवटचा तुकडा वगळून.)

सुरी आली ती निघायच्या आदल्या दिवशी. काय देखणी होती म्हणून सांगू! तिचं चामड्याचं म्यानसुद्धा हातशिवणीचं. त्या दुपारी औषधवाले आणि कप्तान सामानाची वाटणी करायला आले होते. सगळेच स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती जमले. मी सुरी मुठीत धरली. अंगठ्याला जागाच सापडेना. एक उंचवटा नको तिथे टोचत होता. पण नवे बूटही चावतातच, असं मी मनाला समजावलं.

"बाबा," मी गाजर हातात घेऊन सुरुवात केली, "हे नुसतं पोलाद नाही. यात एका माणसाचा हात आणि दुसऱ्याचं मन..."

"याला सांग," सासरे बायकोला म्हणाले, "गाजर फळीवर ठेव."

मी गाजर हवेतच धरून वार केला. मूठ माझ्या हातात गर्रकन फिरली. गाजराचा तुकडा कप्तानच्या चहात पडला आणि टोक माझ्याच उजव्या अंगठ्याच्या बुडाशी घुसलं. (वार करणारा हात आणि जखमी झालेला हात एकच. हे कसं जमलं, ते डॉक्टरांनाही शेवटपर्यंत कळलं नाही.)

"हात वर धरा! वर! खाली बसा!" सासरे ओरडले.

रक्त वाहत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, तरी माझ्या मनात आलं: बाबा थेट माझ्याशी बोलले!

डॉक्टरांनी टाके घातले आणि इतक्यात काहीही मुठीत धरायचं नाही, असं बजावलं. म्हणजे जंगल संपलं. परत येताना मी गाडीत बँडेजकडे बघत बसलो होतो. बायकोही टोमणा मारेना, तेव्हा आपण किती केविलवाणे दिसत असू याचा अंदाज आला. बोलावणं एकदाच आलं होतं, आणि ते मी गाजरावर घालवलं होतं.

घरात शिरलो तर स्वयंपाकघरातून आवाज येत होता. खट खट खट खट. एका लयीत.

टेबलाशी सासूबाई उभ्या होत्या. त्यांच्या हातात माझी सुरी. समोर गाजरांचा आणि बटाट्यांचा ढीग, एकेक काप कागदासारखा पातळ. पलीकडे तिन्ही शिकारी भिंतीला टेकून उभे होते. कप्तानचा चहा तसाच, गाजरासकट.

"अगं, मी नुसती धुवायला घेतली होती," त्या लेकीला म्हणाल्या. "पण ही बसते गं माझ्या हातात! बघ ना, सुटतच नाही!"

खरंच, एकेक आखडलेलं बोट आपापल्या खाचेत जाऊन बसलं होतं. मी आधी त्या हाताकडे पाहिलं, मग खिडकीकडे. चहाच्या डब्यामागे ताईंनी दिलेला गोळा डोकावत होता, तोही गुलाबीच.

"आई, मी ससा सोलत होतो त्या संध्याकाळी तुम्ही खिडकीतला गोळा दाबलात का?"

"हो की. म्हटलं, ताईंनी नवा मऊ आणून ठेवलाय. छान दाबला गेला तो. का? काय झालं?"

बायकोला सगळं कळलं आणि ती मटकन स्टुलावर बसली. हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही. मी म्हटलं, "काही नाही, आई. सुरी तुमचीच आहे."

सासरे पुढे आले. त्यांनी सासूबाईंचा हात सुरीसकट उचलून उजेडात धरला आणि बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "मासा जमेल?"

"आणा तर खरं!"

"इथे नाही. तळ्यावर. उद्या एक जागा रिकामी आहे."

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. "इतकी वर्षं नाही विचारलंत ते!"

"तू कधी म्हणाली नाहीस."

"तुमच्या पिशव्या भरण्यातून सवड मिळाली असती तर म्हणाले असते."

यावर औषधवाले छताकडे पाहू लागले आणि कप्तान गाजरासकट चहा पिऊन मोकळा झाला. "वहिनी," तो म्हणाला, "तुम्ही चलाच. यांच्या हातचं खाऊन माझी मिशी गळायला लागली आहे."

सकाळी त्या निघाल्या. माझं जाकीट, माझी बॅटरी, माझी स्लीपिंग बॅग आणि कमरेला माझी सुरी. मी फाटकाशी उभा राहून डाव्या हाताने निरोप दिला. आपलं सगळं सामान मोहिमेला निघालंय आणि आपण तेवढे मागे राहिलोय, हे दृश्य फार कमी लोकांच्या नशिबी येतं. पण गाडीच्या खिडकीतून सासूबाईंनी तोच शोभेपुरता हात इतक्या जोरात हलवला, की मला एकदम भरून आलं.

परत आले ते चौघेही गाणी म्हणतच. शिकार शून्य. पण तळ्यातले मासे सासूबाईंनी साफ केले, भाजले, आणि तिघा शिकाऱ्यांना पहिल्यांदाच कळलं की जंगलात जेवणही मिळतं. धुवायचे कपडे सासऱ्यांनी स्वतः मशीनमध्ये टाकले. मग माझ्यासमोर येऊन, घसा खाकरून, थेट माझ्या डोळ्यांत पाहत म्हणाले, "जावईबापू, तुम्ही परत आलात ते बरं केलंत."



खोल्या मिळाल्यावर आम्ही तिकडे राहायला गेलो, पण सासूबाई सुरी घेऊन दुरुस्तीशाळेत येऊ लागल्या. बोथट पात्यांना धार कशी लावायची ते शिकवतात. आता तिथे बसायला जागा नसते. माझ्या शाळेत खरोखर दुरुस्त झालेली पहिली गोष्ट म्हणजे एक हात, आणि तोही मी चुकून दुरुस्त केला. कुणाचे आणि किती आभार मानू, हेच मला कळत नाही: सासूबाईंचे, दंतवैद्याचे, की खिडकीचे?

टाके निघाल्यावर ताईंनी मलाही दाबायला गोळा दिला. बोटं सुटली, तसं मी दंतवैद्याकडून नवा गोळा आणला, खोलीचं दार लावून दाबला आणि कडक झाल्यावर त्याच्याकडे नेऊन दिला.

"हा कुणाचा?" त्याने दिव्याखाली फिरवून विचारलं.

"माझा."

"मग तो आधीचा?"

"सासूबाईंचा."

"तरीच!" त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने माझा ठसा पुन्हा एकदा न्याहाळला आणि दात काढण्यापूर्वी वापरत असेल तशा मऊ आवाजात म्हणाला, "या हाताला आपण सुरी नको देऊ या. मी चमचा करून देतो."

चमचा खरोखर सुंदर झाला आहे. अक्रोडाचा, एकसंध, हाताने कोरलेला; माझ्या मुठीत असा बसतो, की काय सांगू. परवा सासऱ्यांकडे जेवायला गेलो होतो. पुढच्या मोहिमेचा विषय निघताच मी तो खिशातून काढून टेबलावर ठेवला. "बाबा, या वेळी स्वतःचं सामान आणलंय."

सासऱ्यांनी चमचा उचलला, तोलून पाहिला, मुठीवरून अंगठा फिरवला. मग माझ्या बायकोकडे वळून म्हणाले,

"याला विचार, भांडी घासता येतात का."