दुर्बिणीआधीचा काढा

नौपाड्यातल्या सीताराम दळव्यांना दोन महिने मुगाच्या खिचडीवर ठेवलं होतं, आणि त्यांचा जीव रविवारच्या मिसळीत अडकला होता. पोटाचं अस्तर सुजलंय, पुन्हा दुर्बिणीने बघू, बरं दिसलं तर मिसळ खा, असा डॉक्टर मेघनाबाईंचा वायदा होता. दुर्बीण शनिवारी सकाळी होती.

शुक्रवारी त्यांना मोबाइलवर एक लेख सापडला. हळद, डाळिंबाची साल यांतल्या द्रव्यांमुळे पोटाच्या अस्तराचं रक्षण होऊ शकतं म्हणे.

"शालन, उद्या बाईंना माझ्या पोटात खोट काढता येणार नाही," त्यांनी जाहीर केलं.

शालनताईंनी चष्मा लावून लेख शेवटपर्यंत वाचला. "अहो, हे उंदरांवर करून बघितलंय. माणसांचं अजून नक्की नाही."

"उंदरांना मानवलं, मग मला काय धाड भरलीय?"

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी भिंतींना चुना काढणाऱ्या घरात सीताराम वाढले होते. पोटालाही तोच न्याय. शनिवारी पहाटे त्यांनी डाळिंबाच्या साली उकळल्या, सढळ हाताने हळद ओतली आणि तांब्याभर काढा घटाघटा रिचवला.

"अहो, काही खायचं-प्यायचं नाही सांगितलंय ना?"

"ते खाण्याचं गं. हे औषध आहे."

दवाखान्यात नळी घशाखाली उतरली. मेघनाबाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "काका, सकाळी काही घेतलंत?" तोंडात नळी असलेल्या सीतारामांनी अभिमानाने अंगठा वर केला. बाईंनी लगेच नळी बाहेर काढली.

"आत सगळं पिवळं. हळदीचा कार्यक्रम आहे का पोटात?"

"काढा होता. पण अस्तर कसंय?" घसा बधिर असूनही त्यांनी विचारलं.

"चांगलं असेलही. काढ्याखाली आहे, मला दिसलं नाही." बाई आता हसत नव्हत्या. "पोटात काही असताना नळी घालणं धोक्याचं असतं, काका. पुढच्या शनिवारी या, रिकाम्या पोटी. तोवर खिचडीच."

सीतारामांना रडूच यायचं बाकी होतं.

दुपारी ताटात खिचडी आली, ती पांढरीफटक.

"हळद घालायला विसरलीस," ते पुटपुटले.

"विसरले नाही," शालनताई म्हणाल्या. "तुमची आठवड्याची हळद सकाळीच झाली."