टीव्हीमागचं पिल्लू

नेवाशाचे पाहुणे घर बघायला येणार असा गोरक्षचा फोन आला आणि कलाबाईंना काय करू नि काय नको असं झालं. जामखेडजवळच्या त्यांच्या वस्तीवर पाहुणे येणं नवीन नव्हतं. ते यायचे, पोहे खायचे, चहा प्यायचे आणि मग फोनच उचलायचे नाहीत. त्यांचा तुषार गुणाचा, विहिरीला पाणी, घर पक्कं. पण मुलगा शेती करतो म्हटलं की मुलींचे बाप घड्याळाकडे बघायला लागायचे. ही नेवाशाची मुलगी, संस्कृती, मात्र स्वतःच म्हणाली होती, "शेतकरी चालेल मला. फक्त घर मी माझ्या डोळ्यांनी बघणार."

"एक ध्यानात ठिवा, वैनी," मध्यस्थ गोरक्षनं बजावलं. "पोरीची आत्या मनकर्णाबाई, तिचाच शब्द चालतो त्या घरात. माळकरी बाई हाय. कोंबडीचं पीस जरी दिसलं तरी चपला घालून चालू लागंल."

आणि कलाबाईंच्या अंगणात तर पाय ठेवावा तिथे कोंबडी, नि दर रविवारी चुलीवर तिचाच रस्सा! लगोलग सगळ्या कोंबड्या धरून शेजारच्या साळूबाईंकडे पोचवायचं ठरलं. त्या धांदलीत तुषारच्या हातून कोंबड्या झाकायचं डालगं निसटलं, ते नेमकं एका पिल्लाच्या पायावर. पाय मोडला. लंगड्या पिल्लाला बाकीच्या कोंबड्या टोचून मारतात, म्हणून तुषारनं ते पाठवायला साफ नकार दिला. पायाला हळद भरली, कुल्फीच्या काडीचा तुकडा बांधला, बुटाच्या खोक्यात कापूस घातला आणि जेवणखाण विसरून त्याच्याशी बोलत बसला. "खा रं राजा, एवढी कणी खा." पिल्लूही असं लबाड, की दुसऱ्या कुणी हाक मारली तर ढिम्म, तुषारचा आवाज आला की लगेच ओ द्यायचं.

पाहुणे यायच्या दिवशी कलाबाई कडाडल्या, "तुश्या, ते खोकं गोठ्यात ठिव आधी!"

"आई, गार वारं सुटलंय. मरंल ते. त्याला ऊब पायजे."

घरात ऊब देणारी जागा एकच होती, टीव्हीमागचा सेट टॉप बॉक्स. खोकं त्यावर बसलं, खोक्यावर टॉवेल आला आणि पुढे प्लास्टिकच्या फुलांची कुंडी. तोवर अंगणात गाडी वाजलीच आणि संस्कृती, तिचे वडील, आत्या नि गोरक्ष घरात आले.

संस्कृतीचे वडील गरीब स्वभावाचे. ते मुकाट्यानं पोह्यांकडे वळले. आत्यांनी पोहे बाजूला सारले आणि तुषारला समोर बसवलं.

"दारूबिरू?"

"न्हाई."

"चुक्!" टीव्हीच्या बाजूनं आवाज आला. टॉवेलातून येताना तो थेट पालीसारखा झाला होता.

आत्यांनी झटकन खुर्चीच्या हातावर बोट वाजवलं. "कृष्ण कृष्ण! पाल चुकचुकली. बोलन्यात खोट असली की चुकचुकतीया ती."

"जुनं घर हाय, आत्या. पाली असायच्याच," गोरक्ष म्हणाला. घर नवं होतं, पण बिचाऱ्याला दुसरं काही सुचलं नाही.

"तंबाखू?"

"कधीच न्हाई."

"चुक् चुक्!"

"कृष्ण कृष्ण! आन् दुसरीकडं कुठं मन गुतलंय का?"

तुषारनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात कलाबाईंनी दाराआडून ओठांवर बोट ठेवलं. त्यानं नुसती मान हलवली.

"आताच का दातखिळी बसली?" आत्यांचे डोळे बारीक झाले. त्या भावाकडे वळल्या. "दादा, ऊठ. ह्यात पाणी मुरतंय."

पोह्यांचा घास तोंडात तसाच ठेवून दादा उठले. इतक्या वर्षांनी दारात आलेली सून एका लंगड्या पिल्लापायी परत चालली होती! पिल्लाचा आवाज झाकायला म्हणून कलाबाईंनी रिमोट उचलला आणि टीव्ही लावला. पडद्यावर भलं मोठं पातेलं उकळत होतं आणि एक बाई हसून सांगत होती, "आता यात आपण कोंबडीचे तुकडे घालूया."

आत्यांनी डोळ्यांवर पदर ओढला. कलाबाईंनी घाबरून भलतंच बटण दाबलं, तसा आवाज आणखी वाढला.

"आई, बंद कर ते!" तुषार ओरडला.

एवढ्या मोठ्यानं आलेली हाक ऐकून पिल्लाला राहवेना. त्यानं आतून अशी काही धडपड केली की खोकं, टॉवेल आणि कुंडी सगळंच खाली आलं. काडी बांधलेला पाय ओढत, चिवचिवत ते पिल्लू सगळ्यांच्या देखत तुषारच्या पायाशी जाऊन बसलं.

"कापायला ठिवलं व्हतं व्हय?" आत्यांनी विचारलं.

"कापायला?" तुषारचा आवाज चढला. "डोळ्यांत तेल घालून जपलंय मी त्याला! माझ्याच हातनं पाय मोडला त्याचा. लग्न न्हाई जमलं तरी चालंल, पर ह्ये चालाया लागल्याबिगर मी त्याला सोडनार न्हाई!"

पिल्लू प्रत्येक शब्दाला ओ देत होतं. संस्कृती खाली बसली, तिनं ते उचलून मांडीवर घेतलं आणि काडीची गाठ नीट पाहिली.

"आत्या, पाल नव्हतीच गं," ती हसू दाबत म्हणाली. "ह्यांचा आवाज आला की हे बोलतंय."

आत्यांनी पिल्लाकडे पाहिलं, मग तुषारकडे. "मुक्या जिवाला एवढं जपतोय, म्हंजी बायकुला काय टाकून बोलायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "दादा, बस खाली. पोहे खा."

कलाबाईंना आनंदानं काही सुधरेना. घर हसायला लागलं होतं, गोरक्ष सुपारी शोधायला धावला होता. त्या भरात त्या बोलून गेल्या, "तर काय, ताई! आमच्या घरात कोंबडी कापायचं कुनी नावसुदिक काढत न्हाई!"

"चुक् चुक् चुक्!"

कलाबाईंनी वर पाहिलं. ट्यूबलाइटच्या पट्टीमागून एक गलेलठ्ठ पाल मान वर करून बघत होती. त्यांनी खाली पाहिलं. पिल्लू संस्कृतीच्या मांडीवर गाढ झोपलेलं होतं. संस्कृतीनंही दोन्ही पाहिलं होतं.

"पर आता तर पोरगा बोललाच न्हाई," आत्या म्हणाल्या.

संस्कृतीनं ओढणीचं टोक हळूच पिल्लावर ओढलं.

"आईंच्या आवाजालाही ओ द्यायला लागलं वाटतं, आत्या."

कलाबाईंनी पदराआड गुपचूप बोट वाजवलं आणि चहा टाकायला आत पळाल्या.