गिऱ्हाईक उठलं न्हाय पाहिजे

आमच्या शेजारचे मल्लूअण्णा जगातली कुठलीही गोष्ट चादरीत मोजतात. त्यांचं स्वयंपाकघर चार डबल चादरींचं आहे, अंगणातला लिंब दोन चादरी उंच आहे आणि गल्लीतला नवा खड्डा 'आदी टॉवेलएवडा हुता, आता सिंगल चादर झालाय'. मध्यंतरी पोटात दुखत होतं म्हणून डॉक्टरांनी विचारलं, नेमकं कुठे दुखतं? अण्णा म्हणाले, "हितनं हितवर. रुमालाएवडं."

दोष त्यांचा नाही. चाळीस वर्षं पेठेत त्यांचं टॉवेल-चादरीचं दुकान होतं. आता ते पुतण्या बघतो आणि अण्णा घरी बसून आमच्याकडे बघतात. कपाळावर विभूती, पांढरा सदरा, खांद्यावर स्वतःच्याच दुकानातला टॉवेल. आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलेलं नाही. खोकल्याचं औषध आणलं तरी बाटलीवरचं बारीक अक्षर माझ्याकडून वाचून घेतात, त्यात 'तसलं' काही नाही ना म्हणून.

तर या अण्णांनी गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी माझ्या अंगणात येऊन जाहीर केलं, "सर, घरात बार बांधायलोय. दीड चादरीत बसंल का?"

मला वाटलं, खोकल्याच्या औषधात काहीतरी निघालं. मी म्हणालो, "हे मला का विचारताय?"

"तुमी कॉलेजात केमिस्ट्री शिकवता," अण्णा खणखणीत आवाजात म्हणाले. "शिवाय घेता."

ओट्यावर माझ्या सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांच्या हातातली काडी तिथेच थांबली. इतकी वर्षं जपलेलं माझं चारित्र्य अण्णांनी दीड चादरीत गुंडाळून त्यांच्यापुढे ठेवलं होतं. मी अण्णांच्या दंडाला धरून त्यांना फाटकाबाहेर नेलं आणि विचारलं, "अहो, पण कशाला?"

तिथे त्यांचा आवाज खाली आला. "म्हेश येतोय. यात्रेला."

महेश म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत असतो. दिवाळीला येतो आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला येतो. आला की आईच्या हातची भाकरी खातो, बापाला 'बरं हाय न्हवं?' विचारतो, तेवढ्यात फाटकाशी मित्रांच्या गाडीचा हॉर्न वाजतो. 'आलोच' म्हणून जातो तो हायवेवरच्या ढाब्याला. परत येतो तेव्हा अण्णा झोपलेले असतात. म्हणजे अंथरुणावर असतात.

"पोरगं बसतंय, ते मला ठावं हाय," अण्णा म्हणाले. "मी काय दुधखुळा न्हाय. बसूंदे. पण बसायचंच हाय तर घरी बसूंदे की. तेवडंच डोळ्यासमोर ऱ्हाईल."

दुकानात अण्णांचा एकच मंत्र होता: गिऱ्हाईक उठलं न्हाय पाहिजे. बसलेलं गिऱ्हाईक आज ना उद्या घेतं, उठलेलं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. आणि समोरचं दुकान म्हणजे आता तो ढाबा होता. अण्णा म्हातारपणी पुन्हा धंद्यात उतरले होते.

सुतार म्हणून त्यांनी युनूसभाईंना बोलावलं. युनूसभाई पाच वेळ नमाज पढणारे. त्यांनी दारू सोडाच, दारूचं दुकानसुद्धा रस्ता ओलांडून टाळलेलं. अशा रीतीने सोलापुरातला एक देखणा बार बांधायचं काम, ज्यांनी बार आतून कधी पाहिलाच नव्हता, अशा दोन सज्जनांवर येऊन पडलं.

"अण्णा, ये चीज हमने देख्याच नै," युनूसभाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "देखे बगैर कैसा बनाना?"

मग दोघं अभ्यासदौऱ्यावर निघाले. भर दुपारी स्टँडजवळच्या एका परमिट रूममध्ये शिरले. एकाच्या कपाळावर विभूती, दुसऱ्याच्या डोक्यावर जाळीची टोपी. दोन लिंबूसोडे मागवले आणि खिशातून टेप काढून काउंटर मोजायला लागले. युनूसभाई आकडे बोलत होते, अण्णा ते चादरीत फिरवून घेत होते. वेटरची खात्री झाली की माणसं वरून आलेली आहेत. मॅनेजर धावत आला. न मागता फुटाणे आले, शेंगदाणे आले, काकडी आली. काउंटर नियमाप्रमाणेच असल्याचं तो शपथेवर सांगू लागला. अण्णांनी टेबलाखाली हात घालून लाकूड चाचपलं आणि मान हलवून म्हणाले, "माल हलका हाय." मॅनेजरने सोड्याचे पैसे घ्यायला साफ नकार दिला.

"लई चांगली मान्सं असतेत हो तितं," अण्णा मला नंतर सांगत होते. "उगंच बदनाम केलंय."

पहिलं भांडण झालं ते उजेडावरून. मी तज्ज्ञ म्हणून सुचवलं की बारमध्ये दिवे मंद असतात. अण्णांना ते अजिबात पटलं नाही. "अंधारात धंदा? अंधारात घेतलेला माल दुसऱ्या दिवशी परत येतंय की, रंग येगळा निघाला म्हणून!" शेवटी फळ्यांना निळी एलईडी पट्टी लागली आणि तिच्या डोक्यावर ट्यूबलाइटही लागली. ऑपरेशन थिएटरमध्ये दिवाळी केल्यासारखी शोभा आली.

दुसरं भांडण उंच स्टुलांवरून. अण्णांना दुकानासारखी गादी आणि लोड हवे होते. "पाय लोंबकळलेलं गिऱ्हाईक टिकत न्हाय." पण युनूसभाईंनी फोनवर परदेशातल्या बारचे फोटो पाहिले होते आणि त्यांना आता कलावंताचा हट्ट चढला होता. तडजोड झाली. स्टुलं उंचच, पण त्यांना पाठ आली, पाय ठेवायला फळी आली आणि बसायला जाड गादी. गादीवर चादर ताणून बसवली, तीही मोराच्या नक्षीची. युनूसभाईंनी मोर छान मधोमध घेतला, पण चोचीपाशी मारलेला बारीक खिळा पुरेसा आत गेला नाही, त्यामुळे मोराची चोच नको त्या ठिकाणी टोचायची. त्या स्टुलावर माणूस आपोआप संस्कारी बसायचा.

बाकी प्रत्येक गोष्टीत मंत्र एकच. खोलीत घड्याळ लावायचं नाही, कारण वेळ बघितली की माणूस उठतो. मोरी शेजारीच हवी, कारण त्या निमित्ताने उठलेला माणूस तसाच चपला घालतो. आणि काउंटरखाली ओळीने चार्जिंगचे पॉइंट. हे अण्णांचं स्वतःचं संशोधन. "फोन चार्जिंगला लावला की मानूस दावणीला बांधल्यावानी ऱ्हातंय. म्हेशचं मी बघितलंय."

राहिल्या गौराक्का, अण्णांच्या पत्नी. घरात कानडी चालते आणि गौराक्कांची कानडी अण्णांसाठी फारशी लांबत नाही. "बेड अंद्रे बेड," त्यांनी सांगितलं. नको म्हणजे नको. मग अटीवर आल्या: देवघराकडे बारचं तोंड नको आणि पाठही नको. त्या अटीत घरातली एकच जागा बसली, व्हरांड्याच्या कडेची माल ठेवायची जुनी खोली. तिथे बार उभा राहिला आणि फळ्या रिकाम्या दिसल्याबरोबर गौराक्कांनी त्या ताब्यात घेतल्या. आधी लिंबाच्या लोणच्याची बरणी आली. मग आंब्याचं, मग शेंगाचटणीचा डबा, खस, गुलाब आणि कोकमाच्या बाटल्या. निळ्या उजेडात लिंबाचं लोणचं असं काही गूढ दिसायचं की मीसुद्धा क्षणभर किंमत विचारली असती.

खरी बाटली आणायची कामगिरी अर्थात माझ्यावर. "चांगल्या घरातली बघून आना," अण्णांनी बजावलं. मी आणली. त्यांनी ती दोन बोटांत धरून ट्यूबलाइटकडे केली, रंग पाहिला, तळ पाहिला आणि विचारलं, "धुतल्यावर रंग जात न्हाय न्हवं?" मग स्वतःच जीभ चावली. बाटली लोणच्यांच्या मागे बसली.

यात्रेच्या आदल्या दिवशी महेश आला. मी मुद्दाम हजर होतो. गौराक्कांनी बोलावलंच होतं, शिवाय त्या बाटलीत माझा जीव गुंतला होता. महेशने खोलीच्या दारात उभं राहून ट्यूबलाइट पाहिली, मोर पाहिले, निळं लोणचं पाहिलं. "अण्णा, हे काय हाय?"

"बार," अण्णा म्हणाले. "तुज्या दोस्तास्नी बोलीव की हितंच."

संध्याकाळ होता होता तिघं मित्र आले. अण्णा इस्त्रीचा सदरा, ताजी विभूती आणि कोरा टॉवेल अशा थाटात काउंटरमागे उभे. पोरांनी आधी काउंटरवरून वाकून त्यांच्या पायांना हात लावायचा प्रयत्न केला. ते काही पुरेनात, म्हणून एकेक जण वळसा घालून आत जाऊन पाया पडून आला. मग सगळे मोरांवर ताठ बसले. महेशने फोन चार्जिंगला लावला. अण्णांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. मग दोन्ही हात काउंटरवर टेकून, चाळीस वर्षं विचारलं तसंच विचारलं, "बोला, काय दाखवू?"

एका मित्राने घसा खाकरला. "अण्णा, कोकम."

"मला बी कोकमच."

"ताक असंल तर बघा," तिसरा म्हणाला. हा ढाब्यावर काय काय रिचवतो ते अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.

आता तुम्ही म्हणाल, यात नवल काय? आमच्याकडे बापासमोर पोरगं बडीशेपसुद्धा तोंड फिरवून खातं. पेला हातात घ्यायचा म्हणजे बापाने बाहेर जायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण उजेड, स्टुलं, मोरी आणि देवघर यांचा कीस पाडणाऱ्या आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात ते आलं नव्हतं. सगळा बार जमला होता. त्यात फक्त अण्णा जास्त होते.

मघाशीच भरून घेतलेला माझा पेला मी आंब्याच्या बरणीआड सरकवला. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आली. पोरांनी ती खाल्ली. पाऊसपाण्याचं बोलणं झालं. अण्णांनी तिघांच्याही वडलांची प्रकृती विचारली. मग एकाने दुसऱ्याकडे पाहिलं, दुसऱ्याने महेशकडे. "अण्णा, येतो मग," म्हणत सगळे उठले. महेशही उठला. "आलोच, अण्णा."

फाटक वाजलं. अण्णा खांद्यावरचा टॉवेल काढून काउंटर पुसायला लागले. काउंटर स्वच्छ होता.

"उठलं गिऱ्हाईक," ते म्हणाले. थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "सर, काय चुकलं वो? लाइट जास्त झाली व्हय?"

मला उत्तर माहीत होतं आणि ते मला सांगता येईना. अण्णांची थट्टा करत मी सगळा हिवाळा काढला होता. त्या घडीला मात्र बरणीआडचा पेला काढून मी तो नुसताच हातात धरला. मी म्हणालो, "हो. लाइटच जरा जास्त झाली."

टॉवेल परत खांद्यावर टाकून अण्णा काउंटरला वळसा घालून बाहेर आले. महेशच्या स्टुलापाशी थांबले, दोन्ही हातांनी जोर लावून वर चढले आणि पाय लोंबकळत सोडून बसून राहिले. समोर रिकामा काउंटर आणि निळं लोणचं.

तेवढ्यात महेश धावत परत आला. फोन चार्जिंगलाच राहिला होता. दारातच तो थबकला. "अण्णा, काय करायलाय हितं बसून?"

"गिऱ्हाईकाला काय टोचतंय का बघायलोय," अण्णा म्हणाले. "मोराची चोच टोचतीया रं जरा. उद्या युनूसला सांगून बसवून घेतो. मग बसशील निवांत."

महेशने फोन उचलला. बाहेर हॉर्न वाजला. त्याने स्टुलांच्या पाठी पाहिल्या, घड्याळ नसलेल्या भिंती पाहिल्या, काउंटरखालची पॉइंटची ओळ पाहिली. पोरगं कॉम्प्युटरवालं असलं तरी दुकानदाराचं आहे. माल कोणासाठी मांडलाय ते त्याला कळलं.

त्याने फोन परत पॉइंटला लावला. काउंटरला वळसा घालून आत गेला. हात लांब करून अण्णांच्या खांद्यावरचा टॉवेल काढला, आपल्या खांद्यावर टाकला आणि दोन्ही हात टेकून म्हणाला, "बोला मालक, काय दाखवू?"

सदऱ्याच्या बाहीने अण्णांनी डोळे पुसले आणि मग चाळीस वर्षं गिऱ्हाइकांनी दिलेला सगळा त्रास त्यांना एकदम आठवला. "ते वरचं दाखव," ते म्हणाले. महेशने लोणचं उतरवलं. "हे न्हवं, त्याच्या बाजूचं. उघडून दाखव की. ह्याच्यात अजून दुसरा रंग हाय का?" गुलाब आला, खस आला, कोकम आलं. हॉर्न आणखी दोनदा वाजला, मग गाडी निघून गेल्याचा आवाज आला. महेशने मान वर केली नाही. "बजेट किती हाय मालक?" तो विचारत होता, आणि अण्णा पाय हलवत हसत होते.

पुढचं बोलणं कानडीत सुरू झालं. मला कानडी निम्मीच कळते, पण ते बोलणं माझ्यासाठी नव्हतंच. मी पेला खाली ठेवला, चपला घातल्या आणि दारातून मोठ्याने म्हणालो, "येतो, अण्णा."

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एकही गिऱ्हाईक सहजासहजी उठू दिलं नाही, त्याने माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.