परतवाड्याचा कॅचर

परतवाड्याच्या बेसबॉल संघाचा कॅचर हे एक लोखंडी कपाट होतं, आणि विदर्भ संघासाठी त्याची पारख करायला विभावरी ढोक सकाळच्या एसटीनं आल्या. एके काळी त्या स्वतः राज्याच्या कॅचर होत्या. आता गुडघे गेले होते, नजर मात्र शाबूत होती.

कपाट होम प्लेटमागे, फलंदाजाच्या पाठीशी उभं होतं. त्याच्या मागून अंपायरला काही दिसत नसे, म्हणून ते स्टुलावरून चढून त्याच्या डोक्यावर बसले होते.

"वय?" विभावरीताईंनी विचारलं.

"मागच्या रंगाखाली गेलं, मॅडम," कपाट म्हणालं.

झेल घेण्यात खोट काढायला जागा नव्हती. चेंडू कितीही वेगात येवो, दार उघडायचं आणि चेंडू मधल्या फळीवर अलगद विसावायचा. मग फेक. पहिल्या बेसवरचा रनर दुसऱ्याकडे चोरून पळाला. कपाटानं डावं दार असं झटकलं की चेंडू छातीच्या उंचीनं सरळ दुसऱ्या बेसवरच्या हातमोज्यात जाऊन बसला. रनर निम्म्या वाटेवरच होता. त्यानंही टाळी वाजवली.

"फेक उत्तम." मग विभावरीताई चेंडू टाकणाऱ्या पिचरला म्हणाल्या, "आता जमिनीवर टाका."

चेंडू टप्पा खाऊन आला आणि कपाटाच्या पायांमधून थेट मागच्या कुंपणाला लागला. पुढचाही.

"तुम्ही खाली का बसत नाही?"

"गुडघे नाहीत, मॅडम."

प्रशिक्षक प्रल्हाद भुयार मध्ये पडले. "ताई, तेवढं सोडून द्या न. बाकी लय गुणी आहे. आमच्या आईचंच कपाट आहे."

"मी सोडेन हो. समोरचा संघ सोडेल का?" विभावरीताई कपाटाजवळ गेल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "गुडघे मलाही नाहीत. पण गुडघ्यांनी कुणी बसत नसतं. हा चेंडू मागे जाऊ द्यायचा नाही, एवढं मनात धरायचं. अंग आपोआप खाली येतं."

"पत्र्याचंही?"

"दुपारी कळेल."

दुपारी अंजनगावशी सामना होता. शेवटच्या डावात परतवाडा एका धावेनं पुढे, अंजनगावचे दोन गडी बाद, आणि त्यांचा रनर तिसऱ्या बेसवर टपून. पिचरचा हात घसरला. चेंडू मातीत आपटला, तसा रनर होम प्लेटकडे सुटला. विभावरीताईंचे हात आपसूक मांड्यांवर गेले.

कपाट करकरलं. मग थरथरत, जिद्दीनं, चारही पाय पोटात घेऊन ते धप्पकन खाली बसलं. चेंडू ठण्णकन आदळून पुढ्यात पडला. खालचा खण बाहेर आला, त्यानं चेंडू आत घेतला आणि घसरत येणाऱ्या रनरच्या पोटरीला टेकला.

"आउट!" अंपायर वरून ओरडले, तोल सावरत.

विभावरीताईंनी तिथल्या तिथे निवड सांगून टाकली. महिनाभर नागपूरला शिबिर, उद्याच निघायचं. कपाटाची दोन्ही दारं बराच वेळ मिटेनात.

संध्याकाळी भुयारांच्या आई, अन्नपूर्णाबाई, मैदानावर आल्या. त्यांनी कपाटातली आपली लुगडी एकेक करून काढली आणि गाठोड्यात बांधली. शेवटी एक शाल उरली. ती त्यांनी हातात धरली आणि पुन्हा वरच्या फळीवर घडी करून ठेवली.

"असू दे बाबू," त्या म्हणाल्या. "नागपूरले थंडी पडते."