देवीदास सापडत नाही

जठारपेठेतल्या एका कॉलेजात देवीदास सर संगणक विभागाचे प्रमुख होते. त्यांना एकच खंत होती. विभागात त्यांचं नाव फक्त दारावरच्या पाटीवर होतं, आणि दार उघडलं की ती पाटी भिंतीकडे तोंड करायची.

सिस्टिम कॉल, अर्थात प्रोग्रामनं कॉम्प्युटरच्या यंत्रणेला द्यायचे ठरीव आदेश, हा विषय सर वर्षानुवर्षं शिकवत, म्हणजे त्याच नोट्स वाचून दाखवत. कॉम्प्युटरला त्याचं नाव विचारायला गेटहोस्टनेम, नवं नाव द्यायला सेटहोस्टनेम, हे पोरांना पाठ होतं. चालवून मात्र कोणीच पाहिलं नव्हतं, सरांनीही नाही.

अमरावतीच्या विद्यापीठातून तपासणी समिती येणार होती. विभागाला नवा अभ्यासक्रम मिळणं तिच्या मतावर अवलंबून होतं. आदल्या दिवशी सरांनी छोटासा प्रोग्राम लिहून लॅबच्या सर्व्हरचं, म्हणजे बाकी मशीनं ज्याला जोडलेली होती त्या मुख्य कॉम्प्युटरचं, नाव 'देवीदास' ठेवलं. मग गेटहोस्टनेमनं विचारून पाहिलं. सर्व्हरनं निमूटपणे 'देवीदास' सांगितलं. सरांचं नाव इतक्या आदरानं आजवर कोणी घेतलं नव्हतं. भरून येऊन त्यांनी लॅबमधल्या सगळ्या मशीनच्या सेटिंगमध्ये सर्व्हरच्या जुन्या नावाऐवजी हेच नाव भरायला लावलं.

त्याच विभागात शिकवणाऱ्या वर्षाली मॅडमनी टोकलं.

"सर, असं ठेवलेलं नाव नुसतं मेमरीत रायते. लाइट गेली का सर्व्हर पुन्ना जुनंच नाव घेते. सर्व्हरच्या फाइलमंदी बी बदलून घ्या."

"मॅडम, मी हे किती वर्सांपासून शिकवून राहिलो. मले सांगता?"

मॅडम आपल्या तासाला निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी समिती थेट लॅबमध्ये आली. ओळखी चहाच्या वेळी व्हायच्या होत्या, पण त्याआधीच लाइट गेली. यूपीएसनं एकदा कण्हून घेतलं आणि मान टाकली. लाइट परतली तेव्हा सर्व्हर आपलं जुनं नाव घेऊन सुरू झाला, आणि बाकी सगळी मशीनं देवीदासला शोधत बसली. प्रत्येक पडद्यावर इंग्रजीत एकच वाक्य उमटलं: देवीदास सापडत नाही. सरांनी घाईघाईनं पुन्हा बटण दाबलं. देवीदास प्रतिसाद देत नाही. पोरं माना खाली घालून हसू दाबू लागली.

समितीच्या प्रमुख सितारा मॅडमनी चष्मा वर केला.

"हा देवीदास कोण?"

प्रोग्राम पुन्हा चालवला असता तर दोन मिनिटांत सगळं सुरळीत झालं असतं. पण त्याआधी या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागणार होतं. सरांनी घाम पुसला.

"आमचा सर्व्हर आहे, मॅडम. जुना झाला. सारखा बंद पडते. बदलाचाच आहे त्याले."

सितारा मॅडमनी ते लिहून घेतलं.

महिन्याभरानं कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या बैठकीत अध्यक्ष पुंजाजींनी सरांसमोरच समितीचा अहवाल वाचला. पुंजाजींचा धंदा ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा. सर्व्हर म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. ते सावकाश, एकेक शब्द लावून वाचत होते.

"'सर्व्हर देवीदास जुना झाला असून कामात वारंवार बंद पडतो. विभागाच्या हितासाठी तो तातडीनं बदलावा.'"

त्यांनी कागद खाली ठेवला आणि सरांकडे जरा दयेनं पाहिलं.

"सर, आमाले वाटे का हे आमालेच दिसून राहिलं. पण अमरावतीवाल्याइले बी दिसलं."

खुलासा करायचा तर सर्व्हरला स्वतःचं नाव दिल्याचं सगळ्यांसमोर कबूल करावं लागणार होतं. सरांनी क्षणभर विचार केला आणि प्रमुखपदाच्या राजीनाम्यासाठी कोरा कागद मागितला.