गवई मॅडमचं इंजिन

लोकांच्या दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये बाहुल्या असतात, ताजमहाल असतो, मुलाला वक्तृत्वात मिळालेली ढाल असते. आमच्या शेजारच्या गवई मॅडमच्या शोकेसमध्ये पिस्टन आहेत. चिरलेले, वितळलेले, एक तर मधोमध भोक पडलेला. नवा पाहुणा आला की मॅडम काच सरकवतात आणि नातवंडांचे फोटो दाखवावेत तशी एकेकाची ओळख करून देतात. याले पेट्रोल कमी पडलं, हा लई तापट होता. भोकवाला हातात घेतला की मात्र थोड्या थांबतात. "हा हुशार होता. आमीच त्याच्यावर फार लादलं."

'हा' म्हटलं तरी सूर असा, की पाहुण्याला वाटतं, वर्गातल्या पोरींबद्दल चाललंय. वाटणारच, कारण प्रमिला गवई यांनी अकोल्यातल्या मुलींच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं. जठारपेठेतली निम्मी घरं त्यांच्या विद्यार्थिनी चालवतात. माझंही त्यातच आलं. माझं औषधांचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून आहे, आणि त्यांची गाडी सुरू झाली की माझ्या फळीवरच्या बाटल्या किणकिणतात. एकदा मी बायकोकडे तक्रार केली. ती म्हणाली, मॅडमचं प्रॅक्टिकल सुरू आहे, तुम्ही मध्ये बोलू नका.

निवृत्तीनंतर मॅडमच्या मैत्रिणी सिंगापूर बघून आल्या. मॅडमनी जुनी छोटी मोटार घेतली, मागची सीट उपटून टाकली, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवला आणि इंजिनाला सुपरचार्जर जोडला. हे काय असतं, असं मी सहज विचारलं, तर त्यांनी मला दुकानाच्या पायरीवर उभं करून शिकवलं. इंजिन स्वतःच्या मर्जीनं श्वास घेतं. सुपरचार्जर त्याच्या पोटात जास्तीची हवा कोंबतो. मग इंजिन वाघासारखं पळतं, पण तापतंही तसंच. "समजलं काय?" मी हो म्हणालो. "मंग सांग बरं," त्या म्हणाल्या. गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं. मी सांगितलं, तेव्हा सुटलो.

ही गाडी रस्त्यासाठी नव्हतीच. दक्षिणेत रेसचा एक ट्रॅक आहे, ठरावीक दिवशी कोणालाही तिथं स्वतःची गाडी पळवता येते. मॅडमचं म्हणणं एवढंच, की आपली गाडी तिथं दिवसभर पळावी आणि संध्याकाळी स्वतःच्या चाकांवर बाहेर यावी. मोर्शीच्या एका विद्यार्थिनीच्या नवऱ्याचे संत्र्यांचे ट्रक दक्षिणेत जात. अर्ध्या ट्रकात संत्री आणि अर्ध्यात गाडी, असा प्रवास व्हायचा. परत आलेल्या गाडीला जळलेल्या ऑइलचा आणि संत्र्यांचा एकत्र वास यायचा. ती दर वेळी दोरानं ओढूनच ट्रॅकबाहेर काढावी लागे. एकदा पिस्टन वितळला. एकदा हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, गॅस्केट फुटून पाणी ऑइलमध्ये गेलं. एकदा लांब वळणावर ऑइल एका बाजूला गेलं, बेअरिंग कोरडं पडलं आणि पिस्टनची दांडी इंजिनाचं पोट फाडून बाहेर आली. असं झालं की मॅडम हेल्मेट काढत, रुमालानं कपाळ पुसत आणि त्याच आवाजात तेच वाक्य म्हणत, "नापास झालो. पुन्हा बसू."

पुन्हा बसायचं म्हणजे इंजिन खोलायचं, आणि त्यासाठी अमरावतीहून वसंतराव येत.

वसंतराव हे मॅडमचे धाकटे भाऊ, बसच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. ते मॅडमना बाई म्हणतात, आपल्याकडे थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. त्यांची बायको रेखाताई गेली, तेव्हा एकुलता मुलगा कॅनडातून आला, दिवस झाले तसा परत गेला, आणि वसंतरावांचं बोलणं बंद झालं. भांडण नाही, रडणं नाही, नुसतं बंद. खिडक्याही उघडेनात. नातेवाईक समजूत घालायला जात आणि स्वतःच गप्प होऊन परत येत. मॅडमच्या गाडीचं पहिलं इंजिन त्याच सुमाराला जळलं. मॅडमनी फोन करून ये म्हटलं नाही. इंजिन जळलं, मले एकटीले हेड उतरवता येत नाही, एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं वसंतराव पान्यांची पिशवी घेऊन हजर.

तेव्हापासून तीच रीत पडली. इंजिन बिघडलं की वसंतराव येत आणि ते जुळेपर्यंत राहत. मॅडम पुस्तकात बघून सांगत, वसंतराव हातानं चाचपून नाही म्हणत, आणि दोघं अंगणात तासन्‌तास भांडत. मॅडम त्यांना सातवीतल्या पोरीसारखं रागावत. दुपारी ज्वारीची भाकरी आणि तिखट झुणका खाताना तोच वाद पुढे चाले. एकदा मी भिंतीपलीकडून चक्क वसंतरावांचं हसणं ऐकलं. बायको पोळी लाटता लाटता थांबली आणि म्हणाली, ऐकलंत का?

मागच्या हिवाळ्यात मीही त्यांच्यासोबत ट्रॅकवर गेलो. औषधांची पेटी सांभाळायला म्हणून मला नेलं होतं, पण पेटीतल्या गोळ्या सगळ्या मीच खाल्ल्या, ॲसिडिटीच्या. हेल्मेटमधून नुसता चष्मा दिसणारी ती पांढऱ्या केसांची बाई वळणावर गाडी घालायची आणि मी डोळे मिटायचो. वसंतराव मात्र कठड्याला टेकून, डोळे उघडे ठेवून, मान तिरकी करून ऐकत होते. सकाळ गेली, दुपार झाली. दर फेरीला मी बंद गाड्या ओढणाऱ्या दोरवाल्या गाडीकडे बघत होतो. ती जागेवरून हलली नाही. ऊन उतरलं आणि मॅडम स्वतः गाडी चालवत आत आल्या. त्यांनी इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं. मग मॅडमनी भावाच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "पास झालो रे वसंता."

ते हसले. नंतर फडकं घेऊन गाडी पुसत बसले, स्वच्छ झाली तरी पुसत बसले.

अकोल्यात कौतुक झालं. माजी विद्यार्थिनींनी शाल दिली. गाडीवर ताडपत्री पडली, वसंतराव अमरावतीला गेले, आणि माझ्या बाटल्या निवांत झाल्या. आठवडे गेले. मॅडम फोन करायच्या, तिकडून ते विचारायचे, काही काम हाय काय? नाही म्हटलं की बरं म्हणून फोन ठेवून द्यायचे. चौदा एप्रिललाही ते आले नाहीत. मॅडमनी गाडीच्या जुळणीची तारीफ केली, आंब्यांचं आमिष दाखवलं, काही उपयोग झाला नाही.

शेवटी मॅडम स्वतः अमरावतीला जाऊन आल्या. परतल्या त्या थेट माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसल्या. वसंतरावांच्या घरी खिडक्या पुन्हा बंद होत्या. ओट्यावर कालचं दूध नासून पडलं होतं. माझ्याकडे राहायला चल म्हटलं, तर त्यांनी मान हलवून नाही म्हटलं.

"मले म्हणते, काम नसताना बहिणीच्या घरी पडून राहू काय?" मॅडम म्हणाल्या. मी पाणी दिलं. ते त्यांनी हातात धरून ठेवलं, प्यायल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या अंगणात वर्तमानपत्र द्यायला गेलो, तर त्या फोनवर बोलत होत्या. "वसंता, इंजिनातून आवाज येऊन राह्यला. कसा म्हंजे? बारीक. खालून. मले तर लक्षण बरं दिसत नाही." मी गाडीकडे पाहिलं. ताडपत्रीवर धूळ होती आणि त्या धुळीत मांजराच्या पावलांचे ठसे. ती गाडी कित्येक दिवसांत सुरूच झाली नव्हती. मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं, की मी वर्तमानपत्र ठेवून मुकाट्यानं भिंतीशी उभा राहिलो.

पुढच्या सकाळी वसंतराव आले. खांदे उतरलेले, दाढी वाढलेली. त्यांनी चहाही नको म्हटलं. ताडपत्री काढली, बॅटरी जोडली, गाडी सुरू करायला सांगितलं. इंजिन सुरू झालं. मला त्यातलं काही कळत नाही, पण इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिल्यावर एवढं कळतं, की ते झकास चालत होतं. वसंतरावांनी लांब पेचकस घेतला, टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. वर ऐकलं, खाली ऐकलं. मॅडम स्टिअरिंगवर हात ठेवून समोर कुंपणाकडे बघत होत्या. त्यांनी एकदाही मान वळवली नाही.

बऱ्याच वेळानं वसंतरावांनी पेचकस खाली घेतला. बहिणीकडे पाहिलं.

"हाय, बाई," ते म्हणाले. "बारीक हाय, पण हाय. खोलावं लागन."

"मले वाटलंच," मॅडम म्हणाल्या आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं. "किती दिवस लागतीन?"

"घाईचं काम नाही हे."

इंजिन निवू देऊन त्यांनी पाना घेतला आणि त्या धडधाकट इंजिनाचा पहिला नट सैल केला. नट ठेवायला मॅडमनी मला थाळी धरायला लावली. मी धरली. थाळी धरल्या धरल्या माझी नजर ओसरीकडे गेली. पान्यांच्या नेहमीच्या पिशवीशेजारी या वेळी एक मोठी बॅग होती. इतकी भरलेली, की चेन अर्धीच लागली होती, आणि अकोल्याच्या त्या भर मे महिन्यात तिच्यातून स्वेटरची बाही बाहेर आली होती.

मॅडमनीही ती पाहिली. बॅग उचलली, आतल्या खोलीत नेली आणि तिथली खिडकी उघडल्याचा आवाज आला.